विषय : मुक्कामी प्रवासाच्या (कॅम्पिंग) ट्रेलरमधील फ्रीजखाली साचणारे पाणी (चौथे पत्र)

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आज सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी आपल्या ग्राहक सेवा केंद्राशी झालेले माझे सहावे संभाषण संपले, खरे तर पलीकडून संपवण्यात आले, आणि त्यानंतर मी हे पत्र लिहायला बसलो आहे. बिलाची प्रत, वॉरंटी कार्ड आणि छायाचित्रे सोबत जोडली आहेत. ती मागील तिन्ही पत्रांनाही जोडली होती.

फ्रीज आपणच निवडला आणि आपल्याच कारखान्यात ट्रेलरमध्ये बसवला, तेव्हा तो कसा चालतो हे मी आपल्याला सांगण्याची वेळ यायला नको होती. परंतु आपल्या तंत्रज्ञाला ते ठाऊक नव्हते, म्हणून लिहितो. गॅस, बॅटरीचे १२ व्होल्ट आणि घरच्या विजेचे २३० व्होल्ट अशा तिन्हींवर चालणारा हा अ‍ॅबसॉर्प्शन पद्धतीचा, म्हणजे कॉम्प्रेसरऐवजी उष्णतेच्या साहाय्याने थंडावा निर्माण करणारा, फ्रीज आहे. आतल्या थंड पात्यांवर हवेतील बाष्पाचे पाणी होते, ते पात्यांखालच्या पन्हळीत उतरते, पन्हळीच्या तोंडातून मागच्या बारीक नळीत जाते आणि त्या नळीने बाहेरच्या भिंतीवरील खालच्या जाळीतून ट्रेलरबाहेर पडावे अशी रचना असते. पाणी होणे हा दोष नव्हे. जुलै महिन्यात मुंबईच्या हवेत ऐंशी टक्क्यांहून अधिक आर्द्रता असताना ते जास्तच होणार. ते जाते कुठे, एवढाच प्रश्न आहे, आणि आमच्याकडे ते फ्रीजखालच्या प्लायवूडमध्ये जाते.

ट्रेलर मी नोव्हेंबर २०२४ मध्ये घेतला. हिवाळ्यात पाण्याचा मागमूस नव्हता. जूनमध्ये गुहागरहून परतल्यावर मुलुंडला सोसायटीच्या आवारात तो उभा असताना माझ्या पत्नीचा पाय फ्रीजसमोरच्या पायपुसण्यावर पडला आणि पायपुसणे पिळून निघाले. चार दिवसांनी त्याच जागी जमिनीवरच्या शीटला फुगा आला. महिन्याभरात प्लायवूड इतके फुगले की फ्रीजखालचा खण आता उघडत नाही.

आपला तंत्रज्ञ अठरा दिवसांनी आला. त्याने दाराच्या रबरात कागद अडकवून ओढून पाहिला, रबर उत्तम असल्याचे जाहीर केले, ट्रेलर उतारावर उभा असल्याचा निष्कर्ष काढला आणि मी ओट्यावर ठेवलेल्या पाणसळीचा बुडबुडा बरोबर मध्यभागी असल्याचे दाखवल्यावर, 'रस्त्याच्या खड्ड्यांमुळे काहीतरी हललं असेल,' असे म्हणून तो निघून गेला. मागची जाळी त्याने उघडली नाही. मुंबई-गोवा महामार्गावर खड्डे असतात ही बातमी ट्रेलर बांधणाऱ्या कंपनीला नवी असेल असे मला वाटले नव्हते.

ती जाळी शेवटी मीच उघडली. पन्हळीत पेलाभर पाण्यात कपड्यांची नीळ कालवून ओतली आणि टॉर्च घेऊन मागे जाऊन बसलो. दोन मिनिटांत नळीच्या टोकाशी निळा थेंब दिसला, लोंबला आणि खाली प्लायवूडवर पडला. त्यामागून दुसरा पडला. नळी जाळीबाहेर काढलेलीच नाही. ती जाळीपासून वीतभर आतच कापून तशीच अधांतरी सोडून दिली आहे. शेजारीच फ्रीजच्या २३० व्होल्टच्या हीटरच्या तारा आहेत आणि ओल तिथवर पोहोचली आहे. निळ्या डागाचे छायाचित्र क्रमांक ५ कृपया पाहावे. ती नळी प्रवासात तुटलेली नाही. तिचे टोक सरळ, धारदार पात्याने कापलेले आहे, आणि ते खड्ड्यांचे काम नव्हे.

आता आजच्या संभाषणाविषयी. ते ध्वनिमुद्रित होत असल्याचे मला सुरुवातीलाच सांगण्यात आले होते, तेव्हा आपण ते जरूर ऐकावे. नीळ, नळी आणि तारा हे सारे मी प्रतिनिधीला दुसऱ्यांदा सांगितले. त्यावर उत्तर आले, 'काका, ही गळती नाहीये. गळती म्हणजे सतत पाणी येणं. तुमचं थेंब थेंब येतंय, त्याला घाम म्हणतात.' मी विचारले की प्लायवूड फुगले त्याला काय म्हणतात. पलीकडे थोडा वेळ संगीत वाजले. मग वरिष्ठ म्हणवणारे गृहस्थ आले आणि अत्यंत समजुतीच्या सुरात म्हणाले, 'काका, वयोमानाप्रमाणे कधी बाटली नीट बंद होत नाही, सांडतं, लक्षात राहत नाही. गळती कशी ओळखायची हे तुम्हाला हवं तर मी समजावून सांगतो.' महोदय, मी महापालिकेच्या जल अभियंता खात्यात ३१ वर्षे नोकरी केली. मध्यरात्री रस्त्याला कान लावून जमिनीखालच्या जलवाहिनीची गळती शोधणाऱ्या माणसांबरोबर माझी निम्मी हयात गेली. हे मी त्या गृहस्थांना सांगितलेही. त्यावर ते म्हणाले, 'हो का, छान.' आणि फोन बंद झाला.

माझ्या वयाचा आणि नळीच्या लांबीचा संबंध काय, हे आपण लेखी कळवल्यास मी आभारी राहीन.

या पत्रात संयम राखायचा असे ठरवून मी बसलो होतो. परंतु अठरा दिवस तंत्रज्ञाची वाट पाहायची, त्याने जाळी न उघडताच जायचे, प्लायवूड फुगत राहायचे आणि त्यानंतर घामाची व्याख्या ऐकून घ्यायची, हे फार झाले. पुन्हा सांगतो, मागची जाळी त्याने उघडलीच नाही. चार स्क्रू होते. परदेशी बनावटीचा ट्रेलर मागवण्याचा मित्रांचा सल्ला मी मानला नाही, कारण इथल्या पावसाची जाण इथल्याच कंपनीला असेल अशी माझी समजूत होती आणि ती मी चारचौघांत अभिमानाने बोलूनही दाखवली होती. त्या मित्रांना आता मी निळा डाग दाखवीत नाही.

नळी जाळीबाहेर काढून द्यावी, फुगलेले प्लायवूड आणि त्यावरची शीट बदलावी, ओल लागलेल्या तारांची जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून तपासणी करून तसा अहवाल द्यावा. हे सर्व वॉरंटीत व्हावे. 'पाण्यामुळे झालेले नुकसान वॉरंटीत बसत नाही' हे कलम मला वाचून दाखवू नये, कारण ते पाणी आपल्याच नळीने आत सोडले आहे. पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत काम सुरू न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये मी मुंबई उपनगर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. तक्रारदार जिथे राहतो तिथे दाद मागता येते, त्यामुळे आपले मुख्य कार्यालय परराज्यात असल्याचा आधार आपल्याला मिळणार नाही. माझी पत्नी मुंबई ग्राहक पंचायतीची जुनी सभासद आहे आणि कागदपत्रांची फाईल तिने माझ्याआधी तयार ठेवली आहे.

तोवर ट्रेलरचा २३० व्होल्टचा जोड मी काढून ठेवला असून फ्रीज बंद आहे. म्हणजे ऐन पावसाळ्यात सोसायटीच्या दोन गाड्यांची जागा अडवून माझ्याकडे चाके लावलेले एक बंद कपाट उभे आहे, आणि त्या जागेसाठी मी दरमहा जादा शुल्क भरतो आहे.

आपला,
एक ग्राहक
मुलुंड (पूर्व), मुंबई

ता. क. : आपला तंत्रज्ञ त्याचा स्क्रूड्रायव्हर आमच्या ओट्यावर विसरून गेला आहे. जाळी मी त्यानेच उघडली. तो जपून ठेवला आहे. जो कोणी नवी नळी घेऊन येईल त्याच्याच हाती देईन.