राजीनामा दिलाय, पण पत्र पूर्ण वाचा

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायचा धीर होईना, म्हणून लिहितेय. मागच्या सोमवारी मी राजीनामा दिला. आता वर्षभर वेब प्रोग्रॅमिंगच शिकणार आहे. बाबा, लगेच फोन लावू नका, आधी पूर्ण वाचा.

वर्षाचा खर्च बाजूला काढलाय, विमा चालू आहे, जेवण आणि झोप वेळेवर आहे. हे अचानक डोक्यात आलेलं खूळ नाही. आठ महिने रोज पहाटे दोन तास बसतेय. एचटीएमएलने पानाचा सांगाडा उभा करायचा, सीएसएसने त्याला रूप द्यायचं, जावास्क्रिप्टने त्यात हालचाल आणायची, इतपत हात बसलाय. शिकायला महागडं काही लागतही नाही. १९९३ मध्ये सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेने वेबचं तंत्र सगळ्यांसाठी मोफत खुलं केलं, त्यामुळे साधा एडिटर आणि ब्राउझर एवढ्यावर भागतं. तुमच्यापुढे हात पसरायची वेळ येणार नाही, खरंच.

पहिल्याच पानावर मी मोठ्या अक्षरांत ‘आई’ लिहिलं होतं. उघडलं तर भलतीच चिन्हं! तासभर शोधल्यावर कळलं, पानाच्या वरच्या भागात, म्हणजे हेडमध्ये, अक्षरं कशी वाचायची ते ब्राउझरला सांगणारी कॅरसेट यूटीएफ-८ ही ओळ घालायची राहिली होती. ती घातली, पान रिफ्रेश केलं आणि ‘आई’ दिसलं. पाटीवर पहिलं अक्षर जमलं तेव्हा धावत तुझ्याकडे आले होते ना, अगदी तसं झालं गं. साडेपाच वाजले होते, नाहीतर तेव्हाच उठवलं असतं तुला.

बाबा, ती हार्ड डिस्क गेली आणि दादाचे सगळे फोटो गेले, तेव्हा तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. कॉपी काढून ठेव म्हणाला होतात, मी ‘उद्या’ म्हटलं होतं. ते अजून टोचतं. म्हणून आता तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. क्लाउडवरची मी सांभाळते. बाहेरच्या डिस्कवर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तुम्ही कॉपी करायची, आणि झाली की डिस्क काढून कपाटात ठेवायची. लावलेली राहिली तर व्हायरस तिलाही धरतो.

आई, डोळे ताणून वाचायचं नाही. कंट्रोल दाबून अधिकचं बटण दाब, पान मोठं होतं. कंट्रोल आणि शून्य दाबलं की पहिल्यासारखं. ओटीपी कुणालाही द्यायचा नाही, माझं नाव सांगून कुणी मागितला तरी नाही. फोन ठेवायचा आणि मला करायचा. पासवर्डची वही असू दे, पण टेबलावर नको. अपडेट आलं की ‘नंतर’ दाबत बसू नका. आणि बाबा, मानेचं दुखणं आहे, तासभर सलग बसू नका.

रागावलात तरी मी समजून घेईन. रविवारी नेहमीच्या वेळी कॉल करते, तेव्हा ते पान दाखवेन. आई, चष्मा जवळ ठेव.

तुमची,
छोटी