डब्यातली चिल्लर अभ्यासिकेला द्या

सप्रेम नमस्कार.

लालबागच्या आपल्या चाळींत चिल्लरचा डबा नाही असं घर शोधूनही सापडणार नाही. कुणाचा फ्रीजवर, कुणाचा देव्हाऱ्याखालच्या खणात, तर कुणाची माळ्यावरची जुनी कळशीच भरलेली. हल्ली कोथिंबिरीच्या जुडीचे पैसेही मोबाइलवरून जातात, त्यामुळे डब्यात पडलेलं नाणं पुन्हा बाहेर निघतच नाही. आणि खाली गेटवर भाजीवाल्या मावशी सुट्ट्यांवाचून अडलेल्या. मे २०२५ मध्ये बेस्टच्या एसी बसचं कमीत कमी तिकीट १२ रुपये झालं, तेव्हापासून वरच्या दोन रुपयांसाठी कंडक्टर आणि प्रवासी दोघंही खिसे चाचपत असतात.

हा डबा या वर्षी आपल्या अभ्यासिकेला द्या, एवढंच मागणं आहे. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं राहतात, तिथे दहावीच्या पोराला वही उघडायला कोपरा मिळत नाही. अशी मुलं रात्री अकरापर्यंत आपल्याकडे बसतात. दोन पंखे जळालेत, बाकं कमी पडतात म्हणून काही मुलं चटईवर बसून गणितं सोडवतात, आणि विजेचं बिल दर महिन्याला आहेच. उत्सवाची वर्गणी तुम्ही देताच, त्यावर मोठी देणगी मागणं आम्हाला बरं वाटत नाही. चिल्लर मात्र हक्काने मागतो.

गेल्या वर्षी जमलेली सगळी नाणी आम्ही एका गोणीत भरून बँकेत नेली. काउंटरवर गर्दी, मोजायला माणूस नाही. गोणी तशीच परत आली. बँकांनी नाणी नाकारू नयेत असं रिझर्व्ह बँकेचं सांगणं आहे, आणि खातेदाराने किती नाणी भरावीत यालाही तिने मर्यादा घातलेली नाही. पण १ आणि २ रुपयांची नाणी शंभर-शंभरच्या प्लास्टिकच्या पिशव्यांत आणली तर रोखपालाला आणि ग्राहकाला, दोघांनाही सोयीचं, हेही तिनेच म्हटलंय. दुसऱ्या खेपेला आम्ही तशा पिशव्या बांधल्या, प्रत्येकीवर आकडा लिहिला, दुपारी गर्दी ओसरल्यावर गेलो आणि पैसे खात्यात जमा झाले.

तेव्हा देताना शक्य झालं तर थोडी निवड घरीच करा. आधी १, २, ५, १० आणि २० वेगळे करा. २० चं नाणं बाराकोनी आहे, लगेच ओळखू येतं. एक-दोनच्या शंभर नाण्यांची एक पिशवी. पाचची वीस किंवा दहाची दहा नाणी एकावर एक रचून रद्दी पेपरची पुंगळी वळली की बरोबर शंभर रुपये होतात. पाचचं नाणं मोजूनच घ्या, उंचीवर जाऊ नका. जुनं पांढरं जाड असतं, नवं पिवळं पातळ. दोन्ही मिसळली की रास फसवते. स्टेपलर किंवा चिकटपट्टी नको, रबरबँड पुरे. देव्हाऱ्यातल्या नाण्यांना तेल-हळद लागलेली असते. ती साबणाच्या कोमट पाण्यातून काढा आणि पंख्याखाली खडखडीत वाळवून मगच भरा.

आठ आणे अजून चलनात आहेत, ते बिनधास्त द्या. चार आणे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून बाद झाली, ती आठवण म्हणून घरीच ठेवा. १० रुपयांचं नाणं कुणी 'हे चालत नाही' म्हणून परत केलं असेल तर तेही आणा. त्याच्या १४ वेगवेगळ्या नक्षी आहेत आणि त्या साऱ्या चालतात, असं रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्येच स्पष्ट केलंय.

दर रविवारी सकाळी ९ ते १२ आम्ही अभ्यासिकेच्या ओट्यावर बसू. समितीचे दोघं तुमच्यासमोर मोजतील, पावती तिथेच मिळेल, आणि त्या दिवशीचा हिशेब फळ्यावर लागेल. देणगी द्यायची नसेल तरीही या; चिल्लरच्या बदल्यात नोटा देऊ, कारण तीच नाणी खालच्या वाण्याला आणि मावशींना हवी आहेत. मुलांनाही सोबत आणा. सालाखाली पत्त्यातल्या चौकटीसारखी बारीक खूण असलेली नाणी त्यांना शोधू द्या. ती आपल्याच फोर्टमधल्या टांकसाळीत पाडलेली. गेल्या वर्षी चौथीतल्या एका मुलीने भिंग घेऊन सगळी सकाळ त्यातच घालवली होती.

डबा जड असेल तर जिन्यावरून उतरवू नका. निरोप द्या, मुलं वर येऊन घेऊन जातील आणि डबा रिकामा करून, धुऊन परत आणून देतील.

आपली,
अभ्यासिका समिती