चौदा गुणांचे उंदीर

रावेर

चि. सोनल हिस,
अनेक आशीर्वाद.

प्रयोगात मज्जारज्जूला इजा केलेल्या तुझ्या रॅटना (मोठ्या उंदरांना) चालण्याच्या मोजणीत 21 पैकी चौदा गुण मिळाले, ही बातमी तुझ्या आईने फोन ठेवल्या ठेवल्या गल्लीभर केली. संध्याकाळी शेजारचे काका ओट्यावर आले. त्यांचा मुलगा शेळ्यांना पाला काढताना कडुनिंबावरून पडला, तेव्हापासून त्याला कंबरेखाली कळत नाही, हे तुला ठाऊकच आहे. "डॉक्टर, मंग आमचा पोऱ्या चालीन का?" मी गुरांचा डॉक्टर, तरी एवढं कळतं. म्हटलं, यावरून नाही सांगता येत.

1911 साली ॲलन नावाच्या संशोधकाने कुत्र्यांच्या मज्जारज्जूवर वजन टाकून हे काम सुरू केलं. तुम्ही रॅटला भूल देऊन, पाठीचं हाड उघडून, दहा ग्रॅमची दांडी ठरलेल्या मिलिमीटरवरून सोडता. प्रत्येकाला मार सारखा. झाडावरून माणूस असा मोजूनमापून पडतो का? मणका मोडून सरकतो, तुकडा रज्जूवर दाबून राहतो, वर लोक त्याला उचलून जीपमध्ये कसाही घालतात.

रॅटच्या मागच्या पायांची लय कंबरेतल्या रज्जूतच बसलेली. मेंदूकडून येणारे थोडे धागे वाचले तरी तो पाऊल टाकतो. माणसाचं तेवढ्यावर भागत नाही. जखमेच्या जागी माणसासारखी पोकळी रॅटमध्ये होते, माउसमध्ये (छोट्या उंदरात) होत नाही. म्हणून रॅट घेतलेत ते बरं केलंत.

माझा ओढा मात्र डॅशहुंड जातीच्या कुत्र्यांकडे (सवयीचा दोष म्हण). त्यांची मणक्यातली गादी आपसूक सरकते आणि मागचे पाय जातात, कुणी मुद्दाम इजा करावी लागत नाही. 2012 मध्ये केंब्रिजच्या मंडळींनी अशा जायबंदी पाळीव कुत्र्यांच्या रज्जूत त्यांच्याच नाकातल्या पेशी सोडल्या. पुढच्या-मागच्या पायांचा मेळ सुधारला, मूत्राशयात फरक पडला नाही.

आणि काकांच्या घरी रोजचं दुखणं तेच आहे. लघवीची नळी, ताप, पुन्हा नळी, माकडहाडावरची जखम. चालण्याचं बाप विचारतो. पोराने मला विचारलं ते लघवीचं.

तूही सकाळ-संध्याकाळ रॅटचं पोट दाबून लघवी काढतेस ना? ती कितव्या दिवशी आपोआप सुटू लागली, प्रत्येकाची वेगळी नोंद ठेवतेस का, की वहीत नुसते चौदा गुणच? ठेवत असशील तर तेवढी पानं फोटो काढून पाठव. काकांना दाखवणार नाही.

तुझे,
अण्णा