विचारपूस चौथ्या आठवड्यात करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रथम वर्षाचे प्रवेश आटोपले की पुण्यातल्या महाविद्यालयांत स्वागत समारंभांची झुंबड उडते. दीपप्रज्वलन, प्राचार्यांचे भाषण, ग्रंथालयाचा धावता फेरफटका. बुजरा विद्यार्थी त्या दिवशी अडत नाही. सगळेच नवखे असतात, त्यात तोही खपून जातो. तो हरवतो तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, आणि तोवर मांडव उतरलेला असतो.

याचे एक कारण नव्या शैक्षणिक धोरणाच्या वेळापत्रकातच आहे. बारावीपर्यंत एक वर्ग, एक बाक, मोजके विषय. आता एका सत्रात २० ते २२ क्रेडिट (शिकवण्याच्या तासांवरून मोजायचे श्रेयांक) आणि त्यांचे दोन-दोन, चार-चार क्रेडिटचे तुकडे: मुख्य विषय, प्रात्यक्षिके, दुसऱ्या विद्याशाखेतला खुला वैकल्पिक विषय, भाषा, भारतीय ज्ञान प्रणाली, मूल्यशिक्षण. तास बदलला की खोली बदलते आणि शेजारीही. ज्याला नुसते नाव विचारायला चार दिवस लागतात, त्याची ओळख व्हायची कोणाशी? ती प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये करावी. बॅच बहुधा रोल नंबरने पडते, वीसेक जणांची असते, सत्रभर तीच राहते आणि हाताला काम असल्याने बोलायला निमित्त मिळते. ‘ब्युरेट धर जरा’ एवढेही पुरते. कला-वाणिज्यच्या मुलांना ही सोय कमी. त्यांनी राष्ट्रीय सेवा योजनेत किंवा ‘कमवा व शिका’मध्ये नाव घालावे. ग्रंथालयात पुस्तके लावण्याचे काम मिळाले तर चार पैसे येतातच, शिवाय महाविद्यालयातली दोन-चार माणसे नावाने ओळखू लागतात.

हजेरीचा हिशेब मात्र पहिल्या आठवड्यातच कागदावर मांडावा. थिअरीचे एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रात्यक्षिकाचे ३०. दोन क्रेडिटच्या थिअरीचे सगळे मिळून ३० तास, आठवड्याला दोन. ७५ टक्के हजेरी धरली तर बुडवायला सातच तास हाती राहतात. गौरी-गणपतीला आठवडाभर गावी, दोन गेले; दसऱ्याला जोडून आठवडा, आणखी दोन; तापात एक आठवडा, आणखी दोन. उरला एक. प्रॅक्टिकलचे गणित याहून कडक: दोन क्रेडिटचे ६० तास, चार तासांचे एक धरले तर सत्रात पंधरा, त्यातली तीन बुडाली की शिल्लक संपली. बुडालेला प्रयोग नंतर एकट्याला सहसा मिळत नाही, कारण द्रावणे बॅचच्या हिशेबाने बनवलेली असतात आणि पुढच्या आठवड्यात टेबलावर दुसरीच मांडणी असते. मग जर्नल मित्राचे पाहून उतरवले जाते आणि ओरलला, म्हणजे तोंडी परीक्षेत, पहिल्याच प्रश्नात पितळ उघडे पडते.

दोन क्रेडिटच्या विषयाला ५० गुण असतात: ३५ सत्रान्त परीक्षेचे, १५ अंतर्गत. शेवटच्या महिन्यातली घोकंपट्टी त्या पंधरांपर्यंत पोचत नाही. ते चाचणी, असाइनमेंट, सादरीकरण अशा फुटकळ कामांत विखुरलेले असतात. बोलायची धास्ती असलेली मुले नेमक्या सादरीकरणाच्या दिवशी दांडी मारतात. त्यापेक्षा वेळापत्रक लागताच शिक्षकांना गाठून पहिल्या दोन-तीन क्रमांकांत नाव घालावे, म्हणजे वाट पाहत घाम फुटत नाही. सुरुवातीची दोन वाक्ये तेवढी पाठ करावीत. पुढचे मुद्दे फळ्यावर लिहून त्यांच्या आधाराने बोलावे. सबंध भाषण पाठ करणारा एका शब्दावर अडखळला की सगळेच विसरतो.

मराठी माध्यमातून आलेल्यांची भीती पुष्कळदा विषयाची नसते, शब्दांची असते. घसारा येतो, डेप्रिसिएशन म्हटले की गडबड. धनको कळतो, क्रेडिटर नाही. उद्याच्या धड्यातले दहा शब्द आदल्या रात्री वहीच्या एका बाजूला इंग्रजीत, दुसऱ्या बाजूला मराठीत लिहावेत. कला-वाणिज्यच्या अनेक विषयांचा पेपर मराठीतही लिहिता येतो. परीक्षा अर्ज भरण्यापूर्वी कार्यालयात खात्री करून घ्यावी.

बाहेरगावच्या मुलांसाठी थोडेसे. खोली कॉट बेसिसवर, म्हणजे एका खाटेपुरती, घेतलीत तरी डिपॉझिटची पावती मागा. भाडेकरार लेखी करून नोंदवणे ही कायद्याने मालकाची जबाबदारी आहे. मेसचे खाडे (न जेवलेल्या दिवसांची वजावट) किती दिवसांनंतर आणि आधी कळवले तरच धरतात का, हे पैसे भरण्यापूर्वी विचारा. बहुतेक मेस रविवारी रात्री बंद असतात. घरची आठवण नेमकी तेव्हाच दाटते, आणि रिकाम्या पोटी जास्तच. त्या संध्याकाळी बॅचमधल्या कोणाबरोबर तरी जेवायला जायचे शनिवारीच ठरवून ठेवावे.

आता महाविद्यालयांकडे मागणे. पालक-शिक्षक योजना, म्हणजे ठरावीक विद्यार्थ्यांची काळजी एकेका शिक्षकाकडे सोपवणे, बहुतेक ठिकाणी कागदावरच आहे. चौथ्या आठवड्यात हजेरीपट काढा. लागोपाठ दोन प्रॅक्टिकल चुकलेल्याला फोन करा, आणि आधी त्याला, त्याच्या वडिलांना नव्हे. रॅगिंगविरोधी हेल्पलाइन (१८००-१८०-५५२२) आणि मानसिक आरोग्यासाठीची मोफत, चोवीस तास चालणारी टेलि-मानस (१४४१६) हे दोन क्रमांक ओळखपत्राच्या मागे छापा; सूचनाफलकासमोर उभे राहून असले नंबर कोणी टिपून घेत नाही. समुपदेशन कक्ष फीच्या खिडकीशेजारी, रांगेतल्या पन्नास जणांच्या नजरेखाली असेल तर बुजरा विद्यार्थी ते दार कधीच ढकलणार नाही. कक्ष मागच्या जिन्यापाशी असला तरी चालेल. समुपदेशक कोणत्या वारी, किती वाजता बसतात, एवढे मात्र दारावर लिहिलेले असावे.

आपले,
प्रथम वर्षाच्या वर्गांवर शिकवणारे काही प्राध्यापक, पुणे