पाठीतल्या इंजेक्शनाबद्दल

ती. आई आणि ती. बाबांना साष्टांग नमस्कार,

आई, काल तू म्हणालीस, "पाठीत सुई नको गं माय, सीझर झाल्यापासून मामीची कंबर कामातून गेली." तेवढ्यात फोन कटला, म्हणून सगळं नीट लिहिते. बाबा, तिला वाचून दाखवा.

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन पूर्ण भूल देऊनच होणार, तू झोपलेली असशील. हे इंजेक्शन त्याच्या जोडीला, जाग आल्यावर दुखू नये म्हणून. मामीला सुई मधोमध, मणक्यांच्या फटीतून आत दिली होती. तुला द्यायची ती कण्याच्या बाजूला, पाठीच्या स्नायूखाली. छातीच्या नसा कण्यातून निघून फासळ्यांमधून पुढं येतात; त्या वाटेवर औषध सोडलं की छातीची ती बाजू काही तास बधिर राहते. सुई कुठं चालली ते डॉक्टरांना सोनोग्राफीच्या पडद्यावर दिसतं. आम्ही ऑपरेशन थिएटरमधले याला ब्लॉक म्हणतो. काहीजण तो पुढून, छातीच्या स्नायूंमध्येही देतात. संभाजीनगरला कोणता देतात, ते तिथल्या भूलतज्ज्ञांना विचारू.

ब्लॉक दिलेल्या बायकांना मॉर्फिनसारखी औषधं कमी लागतात, त्यामुळं मळमळही कमी. खोल श्वास घेता येतो, हात लवकर हलवता येतो. काखेतल्या गाठी काढल्यावर हात हलवला नाही तर खांदा आखडतो, म्हणून मला याचं इतकं वाटतं. काखेत मात्र थोडं दुखेल, तिथं ब्लॉक नेहमी पुरता पोचत नाही.

बाबा, ब्लॉकनं कॅन्सर परत येत नाही असं तुम्हाला कुणी सांगितलं, ते धरून बसू नका. २०१९ मध्ये २,१०० हून जास्त बायकांवरचा मोठा अभ्यास छापून आला, त्यात तसा फरक दिसला नाही. ब्लॉक दुखण्यासाठी, एवढंच. आणि आईची रक्त पातळ करायची गोळी भूलतज्ज्ञांना पाकिटासकट दाखवा; मनानं बंद करू नका.

आई, सोयाबीन काढताना विळा लागला तेव्हा तू चिंधी बांधून तास पुरा केलास. दवाखान्यात तसं करू नकोस. सिस्टर विचारतील, शून्य ते दहात किती दुखतं? सात असेल तर सातच सांग. बधिरपणा बहुधा रात्री उतरतो, तेव्हा गोळी वेळेवर माग, दुखणं वाढायची वाट बघू नकोस.

भूलतज्ज्ञ तपासतील त्या दिवशी मी तिथं असेन. जुने रिपोर्ट आणि रेशनकार्ड पिशवीत भरून ठेवा.

तुमची लेक