आईशी बोलायचं काम मुलाचं

महोदय,

सासूच्या सततच्या खुसपटांवर 'सुनेने दुर्लक्ष करावे' हा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो साफ अमान्य आहे.

आम्ही वेंगुर्ल्याकडचे. सोलकढीत लसूण घातली तर वास मारतो, नाही घातली तर मिळमिळीत. आमसुलं अंगणात वाळत टाकली की पाऊस येईल, आत घेतली की बुरशी धरेल. वर "तुका काय कळता!" हे आहेच. चतुर्थीला मुंबईची माणसं आली की त्यांच्यादेखत आवाज आणखी चढतो. कान मिटून बाई किती वर्षं राबेल?

आमच्याकडे फरक पडला तो यजमान बोलल्यावर. "आये, काय ता माका सांग, हिका बोला नको," असं पडवीत बसून ते शांतपणे म्हणाले. सासूबाई आठवडाभर रुसल्या, पण जेवताना ताटावरचे शेरे थांबले. बहुतेक मुलगे नेमके इथेच कच खातात.

वृद्धांचं नैराश्य पुष्कळदा चिडचिडीतून दिसतं. ऐकू कमी येऊ लागलं तरी माणूस संशयी, तिरसट होतो. म्हणून डॉक्टरांना जरूर दाखवावं. 'टेलि-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर मराठीतही मोफत बोलता येतं. मात्र शिवीगाळ आणि अपमान रोजचेच झाले, तर तो स्वभाव म्हणून पोटात घालू नये. २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात शाब्दिक व भावनिक छळही येतो, आणि तक्रार सासूविरुद्धही करता येते.

– एक वाचक, सिंधुदुर्ग