"ही राहू द्या, मले शुगर नाही"

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

स.न.वि.वि.

रवीभवनला रंग लागायला लागला की आम्ही नागपूरकर समजतो, अधिवेशन आलं. तुम्ही इथे येणारच आहात, तर काउंटरवरची एक गोष्ट कानावर घालतो. सक्करदऱ्यात माझं औषधाचं दुकान आहे.

परवा उमरेडकडचे एक काकाजी आले. अँजिओप्लास्टी सरकारी योजनेतून झाली, एक पैसा लागला नाही, हे त्यांनी आधी सांगितलं. मग चिठ्ठी पुढे केली. हृदयाचं पंपिंग फक्त ३० टक्के, चार औषधं. "पाच-पाच देऊन द्या भाऊ." आणि डापाग्लिफ्लोझिनवर बोट ठेवून, "ही राहू द्या, मले शुगर नाही." मी कात्रीने तीन पट्ट्या कापल्या.

त्यांना शुगर नाही हे खरंच, आणि ही गोळी आली मधुमेहासाठीच, हेही खरं. हिचं मूळ सफरचंदाच्या झाडाच्या सालीत: १८३५ मध्ये तिच्यातून फ्लोरिझिन नावाचं द्रव्य वेगळं काढलं गेलं. गाळलेली साखर आणि सोडियम मूत्रपिंडातून रक्तात परत ओढणारं एक प्रथिन असतं. ही गोळी त्याला अडवते. साखर लघवीवाटे जाते, सोबत थोडं मीठ-पाणीही. पण एवढ्यावर हृदयाचा फायदा उलगडत नाही. हृदयाच्या पेशी ऊर्जा कशी वापरतात, सूज कशी उतरते, यावर संशोधक अजून वाद घालतात. आकडा मात्र स्पष्ट आहे. या गोळीच्या २०१९ च्या चाचणीत कमकुवत हृदयाचे ४,७४४ रुग्ण होते, निम्म्याहून जास्त मधुमेह नसलेले. साधारण दीड वर्षात आजार बळावणं किंवा हृदयविकाराने मृत्यू, याचं प्रमाण ही गोळी न घेणाऱ्यांत शंभरात २१ होतं, घेणाऱ्यांत १६, आणि मधुमेह नसलेल्यांनाही तितकाच लाभ झाला.

कोलेस्टेरॉलसाठी वर्षातून दोनदा घ्यायचं, लाखाच्या घरातलं इंजेक्शन मी मागत नाही. डापाग्लिफ्लोझिनचं मूळ पेटंट आपल्याकडे २०२० मध्ये संपलं. तिच्या बहिणीचं, एम्पाग्लिफ्लोझिनचं, मार्च २०२५ मध्ये; ६० रुपयांच्या आसपासची गोळी काही कंपन्यांनी १० रुपयांच्या आत आणली. (आमचं मार्जिन गेलं, ते जाऊ द्या.)

महात्मा फुले योजना मुळात भरती झालेल्या रुग्णासाठी. घरी गेल्यावर मोजके दिवस, पुढे खिसा. स्टेंटने बंद नळी उघडते, थकलेलं हृदय सांभाळायला रोजची गोळी लागते. राज्याचं वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण आहे. त्याच्यामार्फत काकाजींच्या चिठ्ठीतली ही चार औषधं घाऊक घ्या आणि कमी पंपिंगच्या रुग्णाला ओपीडीतून एकदम महिन्याची द्या. कुणाला द्यायची ते डॉक्टरच ठरवतील. टाइप-१ मधुमेहात किंवा ऑपरेशनच्या तोंडावर ही गोळी धोक्याची ठरते.

खरेदीला वेळ लागेल, ठाऊक आहे. तोवर चिठ्ठीवर मारायला एक शिक्का तेवढा करून घ्या: "ही गोळी हृदयासाठी आहे, शुगर नसली तरी घ्यावी." त्याला निविदा लागत नाही.

आपला,
सक्करदऱ्यातला एक औषधविक्रेता, नागपूर